केर बाहेर टाकण्यापूर्वी

मैत्रिणींनो, सकाळचा स्वयंपाक आटोपला की केराच्या डब्याचं तुम्ही काय करता? हसू नका! मीसुद्धा परवापरवापर्यंत डोळे मिटून तो रिकामा करत असे.

इस्लापूरला आमच्या सासूबाईंच्या वेळी परसात उकिरडा होता. भाजीची देठं, चुलीतली राख, शेण, सगळं त्यात. वर्षाकाठी त्याचंच खत गाडीनं शेतात जाई. रद्दी दुकानदार पुड्या बांधायला घेई, जुन्या लुगड्यांवर बोहारीण भांडं देऊन जाई. आता त्याच उकिरड्यात दुधाच्या पिशव्या, शाम्पूच्या पुड्या, बाळाचे डायपर! त्याचं खत कसं व्हावं?

गेल्या दिवाळीत पुण्याला नणंदेकडे गेले होते. फराळाच्या गडबडीत माझ्या हातून काचेची बरणी फुटली. तुकडे सुपलीत भरले, डब्यात टाकले आणि मोकळी झाले. सकाळी केर न्यायला मावशी आल्या. डबा ओतून त्यांनी हातानं ओलं-सुकं निवडायला घेतलं, आणि "आई गं!" बोट चांगलंच कापलं होतं. वन्संनी पाणी, पट्टी आणली. मावशी मला म्हणाल्या, "ताई, कागदात गुंडाळून येगळी दिली असती तर..." एवढंच. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला गेल्या आणि पुढच्या घरांचा केर दुपारपर्यंत तसाच राहिला.

मग वन्संनी सांगितलं. या बायका पूर्वी उकिरड्यांवर, कचराकुंड्यांत कागद-पत्रा वेचायच्या. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकारानं त्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. २००८ पासून त्यांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था पुणे महापालिकेशी करार करून दारोदारचा केर नेऊ लागली. घरटी महिन्याला थोडे पैसे मिळतात आणि सुका माल विकून येईल ते त्यांचं. म्हणजे आपण रद्दीवर आमटीचं खरकटं ओतलं की तिच्या कमाईवरच ओतलं! पुण्याचा केर वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांत जाऊन पडला. तिथल्या विहिरी खराब झाल्या, गावकऱ्यांनी कितीदा गाड्या अडवल्या. मी खेड्यातली, मला ते फार लागलं.

आता चारचौघींत आपण बोलत नाही ती गोष्ट. पाळीचे पॅड. ते वर्तमानपत्रात नीट गुंडाळायचे आणि पुडीवर लाल ठिपका काढायचा, म्हणजे वेचणारी ती उघडत नाही. पुण्याच्या या बायकांनीच ही खूण मागितली. पॅड नीट गुंडाळून द्यावेत असं २०१६ च्या केंद्राच्या नियमांतही आलं. बाळाच्या डायपरचंही तसंच करा. ओढणीआड लपवून काळ्या पिशवीत कोंबलं तरी कुणातरी बाईलाच ते हातात घ्यावं लागतं हो!

घरी आल्यावर मी दोन डबे केले. ओल्याचा एक, सुक्याचा एक. शिवाय ब्लेड, सुया, काच यांसाठी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका. तो चिमुकला तुकडा कुणालाच वेचता येत नाही. पिशवी विसळून दोरीवर वाळत घाला. ओल्यासाठी फुटका माठ घ्या, तळाला भोकं पाडा. सालींवर सुका पाला आणि मूठभर माती टाकत चला. वास आला तर पाला कमी पडला असं समजा. शिजलेलं अन्न मात्र त्यात नको, उंदीर येतात. (माझ्याकडे आले!)

ह्यांनी आधी नाक मुरडलं. "एका केराला तीन-तीन डबे?" परवा मात्र दाढीचं ब्लेड स्वतःहून पत्र्याच्या डब्यात टाकलं. चहाचा गाळ अजून रद्दीवरच पडतो.