अति घाई, संकटात नेई



महाराष्ट्रात प्रवास करताना रस्त्याच्या कडेला ‘अति घाई, संकटात नेई’ अशी पाटी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. शब्द अगदी साधे आहेत, लहान मुलालाही एकदा वाचून पाठ होतील असे. परंतु पाठ असणे वेगळे आणि अंगी बाणणे वेगळे. या दोहोंमधील अंतर किती महाग पडते, हे मला कतार देशातील एका रस्त्यावर पाहावयास मिळाले. आज आपल्या मॉरिशसमध्ये पुष्कळ मराठी घरांपुढे मोटार उभी असते आणि आपली कितीतरी मुले नोकरीसाठी आखाती देशांत जातात. म्हणून हा विषय आपल्यापुढे मांडावासा वाटला.

माझा धाकटा भाऊ कतारची राजधानी दोहा येथे एका हॉटेलात नोकरीला आहे. शाळेच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेले होते. एका शुक्रवारी आम्ही सर्वजण अल खोर या समुद्रकाठच्या गावी निघालो. हे गाव दोह्याच्या उत्तरेस सुमारे 50 किलोमीटरवर आहे. आपल्याकडे डोंगर, उसाची शेते आणि वळणे असतात. तेथे दोन्ही बाजूंना सपाट वाळवंट आणि मध्ये रुंद, सरळ रस्ता. अशा रस्त्यावर वेग किती वाढला, हे चालकाच्या ध्यानातही येत नाही.

मागून एक मोठी गाडी दिवे चमकवीत आली. भावाने तिला वाट दिली. पुढे एक लहान मालवाहू गाडी चालली होती. कतारमध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे पुढे जायचे ते डावीकडून. त्या मोठ्या गाडीच्या चालकाला तेवढाही धीर नव्हता. तो उजवीकडून घुसला, त्याचे चाक कडेच्या वाळूत उतरले आणि परत रस्त्यावर येताना गाडी आडवी होऊन मालवाहू गाडीवर आदळली. मग ती दोनतीन कोलांट्या घेऊन थांबली. हे सारे घडायला काही सेकंदच लागले असतील.

भावाने आमची गाडी बऱ्याच अंतरावर कडेला उभी करून धोक्याचे दिवे लावले आणि लगेच 999 क्रमांकावर फोन केला. मोठ्या गाडीच्या चालकाने पट्टा बांधलेला होता. तो जखमी होता, पण बोलत होता. त्याच्या मागे बसलेला तरुण मात्र गाडीबाहेर फेकला जाऊन वाळूत निश्चल पडला होता. मालवाहू गाडीच्या चालकाचा पाय मोडला होता. काहीही चूक नसलेला तो मनुष्य हिंदीत एवढेच म्हणत होता, “घरी कळवू नका, आई घाबरेल.” रुग्णवाहिका लवकर आली. तरीही तो मागे बसलेला तरुण वाचला नाही, असे भावाला पुढे कळले.

हे असे का होते? थोडे गणित करून पाहू. तासाला 100 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 28 मीटर पुढे जाते. मोबाईलकडे दोन सेकंद पाहिले, तर तेवढ्यात 56 मीटर रस्ता न पाहताच कापला जातो. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यानंतर थांबायला लागणारे अंतर चौपट होते. आणि गाडी एकाएकी थांबली तरी आतील माणसाचे शरीर त्याच वेगाने पुढे जात राहते. तासाला 50 किलोमीटर वेगाने जाऊन भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे 10 मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडण्यासारखे आहे. अशा वेळी हातांनी पुढचे आसन घट्ट धरून कोणाचाही बचाव होत नाही.

पट्टा फक्त पुढे बसणाऱ्यांसाठी, हा आपल्या लोकांतील मोठा गैरसमज आहे. 3 जून 2014 रोजी केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे दिल्लीत विमानतळाकडे जात असता त्यांच्या मोटारीला अपघात झाला. ते मागच्या आसनावर बसले होते. त्या अपघातात महाराष्ट्राने एक मोठा लोकनेता गमावला. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेल्या दोघांचा मृत्यू झाला. त्या दोघांनी पट्टे बांधलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. गाडी अतिशय महागडी होती, परंतु न बांधलेला पट्टा कोणत्याही किमतीच्या गाडीत निरुपयोगीच असतो.

कतारमध्ये अनेक देशांतून आलेले चालक आपापल्या सवयी घेऊन रस्त्यावर उतरतात. तेथील सरकारने केवळ उपदेश केला नाही. 2007 साली नवा वाहतूक कायदा आणला. लाल दिवा ओलांडल्यास 6000 रियाल दंड ठेवला. दहा वर्षांखालील मुलाला पुढच्या आसनावर बसविण्यास बंदी केली. सप्टेंबर 2023 पासून पट्टा न बांधणारे आणि गाडी चालवताना मोबाईल हाती घेणारे चालक कॅमेऱ्यांनी टिपले जाऊ लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या अहवालातील अंदाजानुसार 2016 साली रस्ते अपघातांत दर लाख लोकसंख्येमागे कतारमध्ये सुमारे 9, आपल्या मॉरिशसमध्ये सुमारे 14 आणि भारतात सुमारे 23 मृत्यू झाले. शिस्त ही जन्मजात नसते, ती लावावी लागते, हेच यावरून दिसते.

परंतु कायद्याचा डोळा प्रत्येक वळणावर असू शकत नाही. गाडीतील माणसे मात्र चालकाच्या शेजारीच असतात. तो जोरात हाकत आहे, त्याने मद्य घेतले आहे, त्याला झोप येत आहे, हे सर्वांत आधी त्यांनाच कळते. आणि तरीही आपण गप्प बसतो. जावईबापूंना कसे सांगावे? मामा रागावतील काय? अशा संकोचापायी आपण आपले आणि मुलाबाळांचे प्राण दुसऱ्याच्या हाती सोपवतो. वडील माणसाचा मान राखावा, पण मान राखणे म्हणजे मुकाट्याने बसणे नव्हे. “दादा, जरा सावकाश घ्या, आम्हाला घाई नाही,” एवढे गोड शब्दांत सांगता येते. माझा आठ वर्षांचा भाचा त्या दिवसापासून, सर्वांचे पट्टे बांधून होईपर्यंत बापाला गाडी सुरूच करू देत नाही. लहान मुलाला जे साधते, ते आपल्याला का साधू नये?

अपघात दिसला तर काय करावे, हेही घरात सर्वांना ठाऊक असावे. गाडी सुरक्षित अंतरावर थांबवावी, मागून येणाऱ्यांना सावध करावे आणि आपल्याकडे सामू सेवेला 114 वर फोन करावा. आगीचा धोका नसेल तर जखमीला ओढूताणून हलवू नये. आणि कृपा करून फोटो काढीत उभे राहू नये. अपघातात सापडलेल्यांची छायाचित्रे परवानगीवाचून काढणे हा कतारमध्ये 2017 पासून गुन्हा आहे.

आपले सणवार, लग्नकार्ये आणि गणपती विसर्जन यांच्या निमित्ताने आपली कुटुंबे एकाच गाडीत दाटीवाटीने बसून निघतात. तेव्हा निघण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात: चालक शुद्धीवर व ताजातवाना आहे ना, आणि प्रत्येकाचा पट्टा बांधला आहे ना. आरतीला दहा मिनिटे उशीर झाला तर बाप्पा रागावणार नाहीत. पण घरातले एक माणूस परत आले नाही, तर त्या घरात पुढची सारी वर्षे त्याची जागा रिकामीच राहते.