हंगामाबाहेर उभी राहणारी गाडी आणि टाकीतला डीईएफ



बेणे, लागण, खते हे विषय सोडून ऊस विकास खात्याच्या माणसाने गाडीच्या टाकीवर का लिहावे, असे कोणी म्हणेल. कारण असे की, मागील हंगामाच्या सुरुवातीला आमच्या गटातील एका सभासदाचा ट्रक भरल्या उसासह कारखान्यापासून आठ-दहा किलोमीटरवर अडला. इंजिन चांगले, डिझेल भरपूर, पण समोरचा दिवा पेटला आणि गाडीने दम सोडला. ऊस दुसऱ्या दिवशी गव्हाणीत पडला. तोवर वजनात तूट आली, तोडणीची टोळी फडात बसून राहिली, दुरुस्तीचा खर्च वेगळाच. दुखणे शोधले तर काय, आधीच्या हंगामात टाकीत राहिलेला डीईएफ!

डीईएफ म्हणजे काय?

देशात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. त्यानंतरचे मालट्रक आणि अनेक डिझेल जीपगाड्या यांना डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची दुसरी टाकी असते. तिच्यात डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड, म्हणजे डीईएफ, भरतात. त्यात ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकी क्षारविरहित पाणी असते. हा द्राव इंजिनात जात नाही. तो गरम धुराच्या नळीत फवारला जातो. उष्णतेने त्याचा अमोनिया होतो आणि तो अमोनिया धुरातील नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडांचे साधा नायट्रोजन व पाण्याची वाफ यांत रूपांतर करतो. १०० लिटर डिझेलमागे साधारण ३ ते ६ लिटर डीईएफ लागतो. बैलगाडी आणि आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टर यांना हा प्रश्न नाही. निळे झाकण असेल त्या गाडीचाच हा विषय आहे.

उभ्या गाडीत काय बिघडते?

पहिली गोष्ट, डीईएफ शिळा होतो. २५ अंश तापमानात तो सुमारे १८ महिने टिकतो, ३० अंशांत १२ महिने, ३५ अंशांत फक्त ६ महिने. त्यावर मग भरवसा नाही. आपल्या सोलापूरचा एप्रिल-मे तर ४० च्या पुढचा! पत्र्यासारख्या तापलेल्या अंगणात उभ्या गाडीची टाकी किती तापत असेल, याचा विचार करावा. युरिया उन्हात जमिनीवर उघडा टाकू नका, अमोनिया होऊन उडून जातो, हे आम्ही नेहमी सांगतो. टाकीतही उष्णतेने युरिया हळूहळू फुटतो आणि अमोनिया होतो. झाकण उघडताच नाकाला झोंबणारा वास आला तर समजावे, माल उतरला.

दुसरी गोष्ट, खडे धरतात. पाकातले पाणी आटले की साखर बसते, तसेच डीईएफमधील पाणी आटले की युरियाचे पांढरे खडे बसतात. ते झाकण, नळ्या आणि फवाऱ्याचे तोंड यांत अडकतात.

तिसरी गोष्ट, गाडी थोडीच चालली तर धुराची नळी पुरती तापत नाही. धूर २०० अंशांच्या आसपास तापल्याशिवाय हे काम नीट होत नाही. त्यामुळे "दर रविवारी दहा मिनिटे इंजिन चालू ठेवतो" असे जे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो, त्याने बॅटरीला थोडाफार आधार मिळत असेल, पण धुराच्या नळीला फायदा नाही, झाला तर तोटाच.

जीपगाडीचा हिशेब पाहा. गाडी महिन्याला २०० किलोमीटर चालली आणि लिटरला १५ किलोमीटर गेली, तर डिझेल लागते १३ लिटर आणि डीईएफ अर्धा-पाऊण लिटर. म्हणजे १० लिटरची टाकी वर्षाहून जास्त काळ पुरते. टाकी संपण्याआधी तिच्यातला माल शिळा होतो. कमी चालणाऱ्या गाडीचे खरे दुखणे ते हेच.

या चुका कटाक्षाने टाळाव्यात

१) ड्रायव्हर लोक डीईएफला नुसते "युरिया" म्हणतात. म्हणून कोणी खताच्या गोणीतला युरिया पाण्यात कालवून ओततो. तसे मुळीच करू नये. आपला खताचा युरिया निंबोळी तेलाचे लेपन केलेला असतो, त्यात इतर घटकही असतात. शिवाय अनुदानाचे खत शेतीखेरीज वापरणे हा गुन्हा आहे.

२) बोअरचे पाणी टाकीत घालू नये. आपल्या भागातील पाण्यात क्षार फार. ते महागड्या यंत्रणेवर थर धरतात.

३) डिझेलचे नरसाळे व कॅन डीईएफला वापरू नये. तांबे, पितळ व जस्ताचा मुलामा दिलेले भांडेही चालत नाही. प्लास्टिकचा मूळ कॅनच बरा.

४) एकाच्या टाकीत दुसरे पडले, तर चावी फिरवू नये, इंजिन सुरू करू नये. गाडी तशीच ठेवून मिस्त्रीला बोलवावे. सुरू केल्यास नुकसान अनेक पटींनी वाढते.

५) इंजिन बंद करताच बॅटरीचा मेन स्विच तोडू नये. अनेक गाड्यांत पंप नळीतला द्राव मागे ओढून घेतो. त्यासाठी दोन-तीन मिनिटे थांबावे, नाहीतर द्राव नळीतच राहून खडे धरतो.

६) यंत्रणा फसवून दिवा बंद ठेवणारी खोकी बाजारात मिळतात. ती नियमबाह्य आहेत, त्यांच्या नादी लागू नये.

मग करावे काय?

हंगाम संपत आला की डीईएफचा साठा वाढवू नये, लागेल तेवढाच घ्यावा. कॅनवरची तयार केल्याची तारीख पाहूनच घ्यावा आणि सावलीत, थंड जागी ठेवावा. गाडी शक्यतो शेडखाली उभी करावी, झाकण घट्ट असावे. उभी करताना टाकी भरून ठेवायची की रिकामी, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहून ठरवावे. महिन्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास रस्त्यावर, शक्य तर भार घालून, पळवून आणावी.

झाकणाजवळचे पांढरे खडे कोमट शुद्ध पाण्याने व स्वच्छ फडक्याने निघतात. धुराच्या नळीत भाजून घट्ट झालेले खडे मात्र पाण्याने जात नाहीत, ते काम मिस्त्रीचे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हंगामापूर्वी, ट्रॉली-टायर तपासतो त्याच वेळी, जुना डीईएफ काढून टाकी क्षारविरहित पाण्याने धुऊन ताजा माल भरून घ्यावा. शंका असल्यास सर्व्हिस स्टेशनवर तपासून घ्यावे. आपण उसाचा ब्रिक्स हँड रिफ्रॅक्टोमीटरने पाहतो ना, तशाच यंत्राने डीईएफही तपासतात. फक्त त्याची मोजपट्टी वेगळी असते, म्हणून आपले ब्रिक्सचे यंत्र त्याला लावू नये.

दिवा पेटला तर "बघू, ही खेप तर टाकू" असे म्हणू नये. गाडी आधी सूचना देते, मग दम कमी करते, शेवटी बैलगाडीच्या चालीवर आणते. टाकी पूर्ण कोरडी पडली तर कित्येक गाड्या बंद केल्यावर पुन्हा सुरूच होत नाहीत.

तोडलेला ऊस शिळा झाला की वजन आणि उतारा दोन्ही जातात, हे आपणा सर्वांना पाठ आहे. टाकीतल्या डीईएफलाही तारीख असते, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ. दोन कॅनची काटकसर करून भरल्या उसाची गाडी रस्त्यात अडवून घेणे कोणालाच परवडणारे नाही. तरी वाहनधारक सभासदांनी व वाहतूक ठेकेदारांनी मोळी टाकण्यापूर्वी टाकी तपासून घ्यावी व आपल्या ड्रायव्हरलाही हे वाचून दाखवावे, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी