पाळी चुकल्यावर फक्त दोन आठवडे: बाळाच्या मेंदूचं पहिलं काम तेवढ्यातच उरकतं

दसरा झाला की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड पट्ट्यातून ऊसतोडीच्या गाड्या भरायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबं पुढचे पाच-सहा महिने कारखान्याच्या फडात काढतात. या धंद्यात 'एक कोयता' म्हणजे एक माणूस नाही, तर नवरा-बायकोची जोडी. त्यामुळे बाईला दिवस गेलेत की नाही हे कळायच्या आधीच ती फडात पोहोचलेली असते.

आता एक हिशोब करून बघू. समजा, अशाच एका बाईची शेवटची पाळी १ नोव्हेंबरला आली. पाळीचं चक्र २८ दिवसांचं धरलं, तर गर्भ साधारण १५ नोव्हेंबरला राहतो. पुढची पाळी २९ नोव्हेंबरला यायला हवी, ती येत नाही. कामाच्या दगदगीत चार-आठ दिवस मागेपुढे होतातच, असं म्हणून ती वाट बघते.

इकडे पोटात ३ डिसेंबरच्या आसपास मज्जासंस्थेचं काम सुरूही झालेलं असतं.

यावेळी गर्भ म्हणजे एक चपटी चकती असते. तिच्या वरच्या थराचा मधला पट्टा जाड होतो. मग या पट्ट्याच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि जुळतात. चपातीची सुरळी करावी तसंच. या सुरळीला म्हणतात न्यूरल ट्यूब. पुढे तिच्या वरच्या भागाचा मेंदू होतो आणि खालच्या भागाचा मज्जारज्जू.

ही जुळणी मानेच्या भागात सुरू होते आणि चेन लावावी तशी वर-खाली सरकत जाते. डोक्याकडचं टोक साधारण २५व्या दिवशी बंद होतं आणि कमरेकडचं २८व्या दिवसापर्यंत. आपल्या हिशोबात म्हणजे १० आणि १३ डिसेंबर. तेव्हा गर्भ ज्वारीच्या दाण्याएवढा असतो. पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात आणि अनेक बायकांनी अजून टेस्टही केलेली नसते.

वरचं टोक उघडं राहिलं तर मेंदूचा मोठा भाग आणि कवटी तयारच होत नाही. याला अॅनेन्सेफली म्हणतात, आणि असं बाळ जगत नाही. खालचं टोक उघडं राहिलं तर स्पायना बिफिडा होतो. त्यात पाठीच्या कण्यात फट राहते, पायांत ताकद नसते, लघवी-शौचावर ताबा राहत नाही, अनेकदा मेंदूत पाणीही साठतं. मग घरात सुरू होतं ते ठरलेलंच. ग्रहणात काही चिरलं होतंस का, हे त्या आईलाच विचारलं जातं. ग्रहणाचा इथे काही संबंध नाही. कारणं बरीच आहेत. काही आनुवंशिक, काही आजारांशी किंवा औषधांशी जोडलेली. पण एक कारण असं आहे की ज्यावर गोळी आहे: फोलेटची कमतरता.

या गोळीची गोष्ट मुंबईच्या गिरण्यांपासून सुरू होते. १९२८ मध्ये लुसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांमधला जीवघेणा अॅनिमिया हा तिच्या अभ्यासाचा विषय होता. यीस्टपासून बनणारा मार्माइट हा स्वस्त पदार्थ दिला की या बायका सुधारतात, हे तिच्या लक्षात आलं. त्यातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक अॅसिड हे नाव पडलं. कष्टकरी बायकांच्या रक्तातून लागलेला हा शोध पुढे गर्भाच्या मेंदूपर्यंत पोहोचला. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने ७ देशांतल्या ३३ केंद्रांवर झालेल्या चाचणीचा निकाल जाहीर केला. आधीच्या बाळात हा दोष असलेल्या बायकांनी गर्भ राहण्याआधीपासून फोलिक अॅसिड घेतलं, तर पुढच्या बाळातला धोका ७२ टक्क्यांनी कमी झाला. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधीच थांबवली गेली.

मग अडतंय कुठे? तर तारखेत.

सरकारी दवाखान्यात १२ आठवड्यांच्या आत नोंदणी करा, असं सांगितलं जातं. आपल्या हिशोबात ती मुदत २४ जानेवारीला संपते. लोह आणि फोलिक अॅसिडची रोजची लाल गोळी चौथ्या महिन्यापासून मिळते. रक्तासाठी ती हवीच, पण न्यूरल ट्यूब १३ डिसेंबरलाच बंद झालेली असते. पहिल्या तीन महिन्यांसाठी ४०० मायक्रोग्रॅम फोलिक अॅसिडची वेगळी गोळी आहे, पण तीही नोंदणी झाल्यावरच हातात पडते. म्हणून डॉक्टर सांगतात की मूल हवं असं ठरवलं, की किमान महिनाभर आधी ही गोळी सुरू करायची. आधीच्या बाळात दोष असेल किंवा फिटची औषधं चालू असतील, तर डोस जास्त लागू शकतो आणि तो डॉक्टरच ठरवतात. पालक, हरभरा, मूग, शेंगदाणे यांत फोलेट असतं, पण शिजवताना बरंच उडून जातं. नुसत्या भाजीवर विसंबून चालत नाही.

ट्यूब बंद झाली म्हणजे सगळं झालं, असंही नाही. तिच्या वरच्या टोकाला तीन फुगे येतात, तोच पुढे अग्र, मध्य आणि पश्च मेंदू. चेतापेशी आतल्या बाजूला जन्मतात आणि तिथून आपापल्या जागी चालत जातात. आयआयटी मद्रासने डिसेंबर २०२४ मध्ये ५,१३२ छेदांमधून गर्भाच्या मेंदूचा त्रिमितीय नकाशा प्रसिद्ध केला, तो याच मधल्या तीन महिन्यांचा. आवाजाला प्रतिसाद द्यायला बाळ साधारण सहाव्या महिन्यात लागतं. म्हणजे पहिल्या महिन्यात गर्भसंस्कारासाठी जे काही ऐकवलं जातं, ते आईने स्वतःसाठी ऐकावं, उत्तमच. बाळाला अजून कान नसतात.

दोष आहे का, हे बहुतेकदा १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत दिसतं. आपल्या बाईसाठी हा मार्चचा काळ. ती अजून फडातच असते.

याच जिल्ह्यातल्या जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी वेगळी वाट धरली होती. त्यांनी गावातल्याच, अनेकदा शाळा न पाहिलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. दवाखान्याच्या कागदावर यायच्या आधीच कोणाच्या घरी काय चाललंय, हे अशा बायकांना ठाऊक असतं. आज गावोगावी ते आशाताईंना ठाऊक असतं. कोणाचं नुकतंच लग्न झालंय, कोण यंदा पहिल्यांदा कोयत्यावर निघालीय, हेही. फोलिक अॅसिडची पाकिटं द्यायची, तर ती दसऱ्याच्या आधी, गाडी भरायच्या आत.