हॅलोवीनचा खाऊ : भीती, वस्तुस्थिती आणि निवडीची तत्त्वे

अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत ३१ ऑक्टोबरच्या सायंकाळी लहान मुले नाना प्रकारची सोंगे घेऊन शेजारच्या घरांची दारे ठोठावितात आणि ‘ट्रिक ऑर ट्रीट’, म्हणजे ‘खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू’, अशी लटकी धमकी देतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील साखरेचे नियंत्रण अमेरिकेत १९४७ मध्ये उठल्यानंतर ही प्रथा तेथे सर्वदूर रूढ झाली. अपरिचिताच्या हातचा खाऊ मुलांनी निःशंकपणे घ्यावा, हा या प्रथेचा पाया होय. म्हणूनच कोणता खाऊ सुरक्षित मानावा, हा प्रश्न केवळ गृहव्यवस्थेचा न राहता सामाजिक विश्वासाचाही ठरतो.

लोकांच्या मनातील भीती मुख्यतः दोन गोष्टींची आहे : सफरचंदात दडविलेले दाढीचे पाते आणि मिठाईत कालविलेले विष. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट व जेराल्ड होरिउची यांनी १९५८ पासूनच्या वृत्तपत्रीय बातम्या तपासून १९८५ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. परक्या माणसाने वाटलेल्या खाऊमुळे बालक दगावल्याचे अथवा त्यास गंभीर इजा झाल्याचे एकही सिद्ध उदाहरण त्यांस आढळले नाही. कित्येक बातम्या तर निव्वळ बनाव निघाल्या. १९७४ मध्ये टेक्सस राज्यात एक आठ वर्षांचा मुलगा सायनाइडमिश्रित मिठाई खाऊन मृत्यू पावला, हे खरे; परंतु ते विष विम्याच्या पैशासाठी प्रत्यक्ष पित्यानेच घातले होते. १९८२ मध्ये शिकागो परिसरात वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणी सायनाइड मिसळल्यामुळे सात माणसे दगावली. त्या घटनेचा मिठाईशी काहीही संबंध नसताना त्या वर्षी कित्येक ठिकाणी मुलांच्या फेऱ्यांवर निर्बंध आले. अशा भीतीपोटी घरी केलेला खाऊ मागे पडला आणि कारखान्यातील बंद वेष्टन म्हणजेच सुरक्षितता, असे समीकरण रूढ झाले.

या समीकरणातील दोष लक्षात घेण्याजोगा आहे. बंद वेष्टन काल्पनिक शत्रूपासून संरक्षण देते. मुलाच्या स्वतःच्या शरीरप्रकृतीतून उद्भवणाऱ्या धोक्यांपासून नव्हे. असे धोके प्रामुख्याने दोन आहेत.

पहिला वावड्याचा, म्हणजेच अ‍ॅलर्जीचा. शेंगदाण्याचा अल्पसा अंशही एखाद्या मुलाच्या प्राणावर बेतू शकतो. अमेरिकेच्या २००४ च्या कायद्याने दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे आदी कवचधारी जलचर, बदाम-अक्रोडासारखी कवचफळे, शेंगदाणा, गहू व सोयाबीन या आठ घटकांचा वेष्टनावर स्पष्ट उल्लेख बंधनकारक केला. २०२१ च्या कायद्यान्वये १ जानेवारी २०२३ पासून तिळाची त्यांत भर पडली. तथापि ‘अमुक घटकाचा अंश असण्याचा संभव’ ही सूचना ऐच्छिकच आहे. शिवाय वाटण्याच्या चिमुकल्या वड्यांवर घटकांची यादी पुष्कळदा नसते; ती बाहेरच्या मोठ्या पिशवीवर असते, आणि ती पिशवी यजमानाच्या घरीच राहते. तेथे स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबाने हौसेने दिलेली शेंगदाण्याची चिक्की याच कारणाने एखाद्या मुलास घातक ठरू शकेल.

दुसरा धोका घशात अडकण्याचा. चार वर्षांखालील मुलांची श्वासनलिका अरुंद असते, चावण्याची क्रिया पक्व झालेली नसते आणि अडकलेला पदार्थ खोकून बाहेर टाकण्याइतका जोरही नसतो. म्हणून कडक गोळ्या, अखंड दाणे, च्युइंग गम व मार्शमेलो हे पदार्थ त्यांस देऊ नयेत.

२०१४ पासून अमेरिकेत देशव्यापी झालेल्या एका उपक्रमात दाराशी हिरवट-निळ्या रंगाचा भोपळा ठेवून ‘येथे खाऊव्यतिरिक्त वस्तूही मिळतील’ असे सुचविले जाते. पेन्सिली, चिकटचित्रे, खडू यांमुळे वावड्याचा प्रश्न बव्हंशी सुटतो. परंतु खेळण्याच्या काही मळीव लगद्यांत गहू असतो, आणि सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या परीक्षण-नळकांड्यात पूर्णपणे मावणारी वस्तू तीन वर्षांखालील मुलांस धोक्याचीच मानली जाते. एक धोका टाळताना दुसरा पत्करला जाऊ नये.

यावरून निवडीची तत्त्वे सहज निष्पन्न होतात. घटकांची यादी प्रत्येक नगावर छापलेला खाऊ निवडावा. तसा न मिळाल्यास मोठी पिशवी दाराशी ठेवून पालकांस दाखवावी. खाऊ व अन्य वस्तू वेगवेगळ्या भांड्यांत ठेवाव्यात. अगदी लहान मुलांसाठी मोठ्या आकाराची वस्तू राखून ठेवावी. मुलांनी घरी पोहोचून पालकांनी तपासल्यावरच खाऊ खावा.

शेवटी प्रमाणाचा विचार. १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांच्या अमेरिकी नोंदींवर आधारलेल्या एका अभ्यासात, आधीच्या व नंतरच्या आठवड्यांतील त्याच वारच्या सायंकाळच्या तुलनेने हॅलोवीनच्या सायंकाळी पादचाऱ्यांच्या अपघाती मृत्यूंचा संभव ४३ टक्क्यांनी अधिक आढळला. चार ते आठ वर्षांच्या मुलांत तो सुमारे दसपट होता. सफरचंदातील पाते शोधणाऱ्या समाजाची दृष्टी रस्त्यावरील मोटारीकडे त्या मानाने कमी वळते. सुरक्षिततेचा शास्त्रीय विचार म्हणजे भीती वाढविणे नव्हे, तर ती योग्य स्थळी नेऊन ठेवणे होय.