तांब्याचा रंग पडद्यावर आणताना

सकाळी साडेसात

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत पोचले तेव्हा ठोकाठोक सुरू झाली होती. पेशवाईत कोकणातून आलेल्या कारागिरांची ही आळी. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर हातोडीचा एकेक गोल ठसा शेजारी शेजारी उमटवत जायचं, याला मठारणं म्हणतात. त्यानं पत्रा कणखर होतो आणि भांडं उजेडात लखलखतं. इथल्या एका कारखान्याच्या काकांना आपल्या मालाची वेबसाइट हवी आहे. घंगाळ, बंब, हंडा, पिंप, पाण्याचे तांबे. काम एका पानाचं, पण माझ्याकडे शिकायला येणाऱ्या कॉलेजातल्या मुलाला मी मुद्दाम सोबत आणलंय. नवशिक्यानं शिकावं असं जवळजवळ सगळं या एका कामात आहे.

आल्या आल्या त्यानं फोन काढला आणि घंगाळाशी गेला. म्हटलं, “आधी वरची ट्यूब बंद कर.”

“का ताई? उजेड कमी होईल ना?”

होऊ दे. दारातून येणारा उजेड एका रंगाचा, ट्यूबचा दुसऱ्याच. दोन्ही एकदम पडले की भांड्याची एक कूस निळसर दिसते, दुसरी हिरवट. मग संगणकावर एक सुधारायला जावं तर दुसरी बिघडते. एकाच जातीचा उजेड असेल तर निम्मं एडिटिंग तिथल्या तिथं उरकतं.

घंगाळ दाराजवळ आणलं. पोटावर आम्हा दोघांची प्रतिबिंबं दिसत होती, त्याचा लाल शर्ट तर ठळकच. समोर थर्माकोलचा पांढरा तक्ता धरला, प्रतिबिंबं गेली आणि मठारकामाच्या ओळी मऊ उजेडात उठून दिसायला लागल्या. फोन अगदी जवळ नेला की घंगाळाचं पोट आहे त्याहून फुगतं, म्हणून चार पावलं मागं येऊन दुप्पट झूम घेतला. पडद्यावर बोट ठेवून उजेड जरा खाली ओढला, कारण चकाकीचा भाग एकदा पूर्ण पांढरा झाला की जेपेगमधून काहीच परत मिळत नाही. शेवटी त्याच जागी, त्याच उजेडात, राखाडी कार्ड धरून एक फोटो. हे कार्ड छायाचित्रणाच्या सामानाच्या दुकानात मिळतं. साध्या पांढऱ्या कागदात पुष्कळदा चमक आणणारी रसायनं असतात आणि तो किंचित निळा निघतो.

काका हातातलं काम न थांबवता म्हणाले, “ताई, भांड्याचा रंग भांड्याचाच दिसू द्या. गिऱ्हाइकानं पार्सल उघडल्यावर म्हणायला नको, फोटोत वेगळं होतं.”

आजच्या दिवसाचं सगळं काम या एका वाक्यात आलं. फोटो सुंदर करणं सोपं आहे. खरा ठेवून सुंदर करणं, याला शिकणं म्हणतात.

दहा

नारायण पेठेतलं माझं टेबल. चहा. नवशिका पहिला प्रश्न विचारतो तो सॉफ्टवेअरचा. फोटोशॉप १९९० साली आलं, गिम्प १९९६ साली. गिम्प फुकट आहे आणि शिकायला पुरून उरतं. मुळात फरक पडतो तो क्रमाचा.

सगळ्यात आधी मूळ फोटोंची प्रत काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि त्या फोल्डरला पुन्हा हात लावायचा नाही. मग चौकट कापायची आणि सरळ करायची. घंगाळाचा काठ आडवा नसेल तर बाकी कितीही करा, भांडं कलंडल्यासारखंच दिसतं. नंतर रंगाचा तोल. चौकटभर तांबंच असलं की फोनला वाटतं उजेडच तांबूस आहे. तो निळं मिसळतो आणि तांबं फिकट गुलाबी होतं. लेव्हल्समध्ये मधला, राखाडी ड्रॉपर घेऊन कार्डावर टिचकी मारली आणि तांबं ठिकाणावर आलं. तीच सेटिंग साठवून त्या उजेडातल्या बाकीच्या फोटोंना लावली.

मग उजळ-गडदपणा. हिस्टोग्रामकडे बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड, आणि डोंगर कुठल्याही भिंतीला चिकटता कामा नये. पडद्याचा ब्राइटनेस आणि खोलीतला उजेड डोळ्यांना फसवतात, हिस्टोग्राम फसवत नाही.

मुलानं उत्साहात सॅच्युरेशन वर ढकललं. छोट्या आकारात फोटो झकास दिसला. म्हटलं, “आता शंभर टक्के मोठा करून बघ.” पोटाचा मधला भाग सपाट नारिंगी झाला होता. ठसेच गायब! लाल चॅनेलचा डोंगर उजव्या भिंतीला जाऊन आदळला होता. तांब्यात लाल आधीच भरपूर असतो. तो आणखी चढवला की प्रत्येक ठशाची उजळ आणि गडद बाजू एकाच आकड्यावर येते आणि काकांचा हात त्यातून पुसला जातो. त्यानं सॅच्युरेशन मागं घेतलं आणि कर्व्हजमध्ये मधला बिंदू किंचित वर, गडद भाग थोडा खाली केला. ठसे परत आले. रंग वाढवण्याआधी छाया सुधारून बघावी, असं मी प्रत्येकाला सांगते.

पुढं साफसफाई. पार्श्वभूमीच्या कापडावरची धूळ, सुटलेला धागा हीलिंग ब्रशनं काढला. कडीजवळ जोडाची बारीक रेघ दिसत होती.

“ही पण काढू?”

“नाही. ती भांड्यावर आहे.”

धूळ आज आहे, उद्या पुसली जाईल. जोड भांड्याबरोबर गिऱ्हाइकाच्या घरी जाणार. काय पुसायचं आणि काय राहू द्यायचं, हे ठरवायला माझ्याकडे याहून चांगली कसोटी नाही.

दीड

जेवण. त्याआधी फोटो लहान केले. फोनचा फोटो साधारण ४००० पिक्सेल रुंद असतो, पानाला १६०० पुरतात. आधी आकार कमी, मग अगदी हलकं शार्पनिंग, शेवटी एसआरजीबी रंगात जेपेग, दर्जा ८० च्या आसपास. चार-पाच एमबीची फाइल काही शे केबीवर येते.

तीन

वेबसाइटची सुरुवात कागदावर. फोनएवढी उभी चौकट आखून मुलाला विचारलं, गिऱ्हाइकाला सगळ्यात आधी काय हवंय? त्याच्या मनात सरकते फोटो होते, मागं हातोडीचा आवाज होता. मी म्हटलं, नमनाला घडाभर तेल नको. वर नाव आणि एक चांगला फोटो, खाली भांडी, माप, वजन, किंमत, मग पत्ता आणि बोट लावताच फोन लागेल असा नंबर. हातोडीचा आवाज ज्याला ऐकायचाय तो आळीत येईल.

तयार साचे मिळतात, तरी पहिलं पान हातानं लिहावं असं माझं ठाम मत आहे. एचटीएमएल म्हणजे काय काय आहे, सीएसएस म्हणजे ते कसं दिसावं. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायची शिस्त एका पानातच लागते. व्ह्यूपोर्टची ओळ विसरली तर फोनवर अख्खं पान मुंगीएवढं दिसतं. चित्राची कमाल रुंदी शंभर टक्के ठेवली की ते चौकटीबाहेर जात नाही. चित्राची लांबी-रुंदी आधीच लिहून ठेवली की पान उघडताना मजकूर उड्या मारत नाही. आणि प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर हवा. “फोटो १” असा नको. “मठारकाम केलेलं तांब्याचं घंगाळ, दोन कड्या” असा. दृष्टिहीन माणसाचा फोन तोच वाचून दाखवतो.

पाच

काकांची किंमतयादी पेनड्राइव्हवर आलेली. पानावर चिकटवली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. यादी जुन्या डीटीपी फाँटमध्ये होती. त्या पद्धतीत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. फाँट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या छपाईची कितीतरी वर्षं यावर निघाली, त्यामुळं पुण्यात हा प्रसंग हमखास येतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. कन्व्हर्टरनं यादी बदलली आणि मग एकेक ओळ डोळ्यांत तेल घालून तपासली, कारण असं रूपांतर रफारात आणि जोडाक्षरांत हमखास अडखळतं. “बंब”वरचा अनुस्वार एका जागी गेला होता.

फाँटसाठी मुंबईच्या “एक टाइप”चा मुक्त परवान्याचा “मुक्ता” घेतला. ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपटीहून जास्त ठेवलं. मराठीला वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार. इंग्रजीचं अंतर तसंच ठेवलं तर ते एकमेकांत अडकतात. पानाच्या पहिल्याच खुणेत भाषा मराठी असल्याचं लिहिलं. फाँटमध्ये सोय असेल तर त्यामुळं ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. पुष्कळांना हा फरक बारीक वाटतो. मला वाटत नाही. मराठी दुकानाची पाटी मराठी वळणाचीच हवी.

मजकुराचा रंग मुलानं तांबूस निवडला होता, क्रीम रंगावर. वाचनासाठीचं जागतिक प्रमाण म्हणजे मजकूर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५ ला १ इतका फरक. मोजला, कमी भरला. मजकूर गडद तपकिरी केला, तांबूस फक्त शीर्षकापुरता ठेवला.

सात

पान तपासायला महागडा फोन घ्यायचा नाही. घरातला जुना, काचेला चरा गेलेला फोन घेतला, वायफाय बंद करून मोबाइल डेटावर पान उघडलं. घंगाळाचा फोटो पटकन आला, नंबरावर बोट ठेवलं तर फोन लागला. मग दुवा काकांना पाठवला. थोड्या वेळात त्यांचाच फोन: “रंग बरोबर आहे. पण पिंपाचं वजन चुकलंय, आणि हंड्याचा फोटो डावीकडून घ्या, तिकडचं मठारकाम जास्त चांगलं आहे.”

वजन लगेच दुरुस्त केलं. हंडा उद्या सकाळी, दारात उजेड असताना. मुलाला म्हटलं, उद्या कार्ड तू धरायचंस आणि लेव्हल्सही तूच करायच्या, मी नुसती बघेन.