मुलाचं वकीलपत्र

सकाळी आठ. घाटी रुग्णालयातून समाजसेवा अधीक्षकांचा फोन येतो, "मॅडम, रात्री बाळंत झालेली एक बाई बाळ इथंच ठेवून जाते म्हणतेय." मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरची वकील. अशा वेळी माझं पहिलं सांगणं ठरलेलं असतं. बाळ कुणाच्याही हाती देऊ नका, 'ओळखीतलं चांगलं जोडपं' दारात उभं असलं तरी. पैसे घेऊन मूल देणं हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम 81 खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरीचा. रुग्णालयातल्याच जबाबदार माणसानं ते केलं तर शिक्षा तीन ते सात वर्षं.

अकरा वाजता अदालत रोडवर, पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांच्या, विशेष न्यायालयात. खटला सरकारी वकील चालवतात, मी पीडित मुलीच्या बाजूनं त्यांना मदत करते. पोक्सो कायद्याच्या कलम 40 नं तिच्या कुटुंबाला वकिलाचा हक्क दिला आहे, हे त्यांना पोलीस ठाण्यात कुणी सांगितलेलं नसतं. बचाव पक्षानं मुलीला थेट प्रश्न विचारायचे नाहीत, न्यायाधीशांमार्फत विचारायचे. उलटतपासणी रंगात आली की हे सगळेच विसरतात. मी उठून आठवण करून देते.

दुपारी दोन. बालकल्याण समिती. दिवसाचा खरा भार इथं असतो. अध्यक्ष आणि चार सदस्य मिळून ही समिती होते, तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. पण खोलीत काळा कोट दिसला की पालक बिचकतात, म्हणून मी तो बाहेरच काढून ठेवते.

आधी पैठण तालुक्यातली मुलगी. उसाच्या फडावर जायच्या आधी घरच्यांनी लग्न उरकलं. वडील आधार कार्ड पुढे करतात, "साहेब, अठरा पूर्ण आहेत." मी शाळेचा निर्गम उतारा ठेवते. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 94 प्रमाणे आधी शाळेचा दाखला, नसेल तर जन्मनोंद आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. उताऱ्यावर ती पंधराची आहे. वडील गप्प होतात. मुलगी मात्र हळूच विचारते, "मग मला परत नववीत बसता येईल?" इतक्या वेळात तिला काय हवंय, हे कुणी विचारलेलंच नव्हतं.

मग घाटीतली बाई, पोलीस आणि समाजसेविकेसोबत. आई अविवाहित असेल तर बाळ सोपवण्याचा दस्त शक्यतो एका महिला सदस्यासमोरच व्हावा, असं दत्तक नियमच सांगतात. दस्तावर अंगठा उठवून ती शाई पदराला पुसते आणि विचारते, "ताई, माझं मन फिरलं तर?" मी सांगते, साठ दिवस आहेत. त्या मुदतीत आलीस तर समिती तुझं ऐकेल. नंतर मात्र बाळ दत्तकासाठी मोकळं होईल. हे तिला दोनदा, तिच्याच बोलीत सांगावं लागतं. हा वेळ वाचवणं म्हणजे उद्याचा वाद ओढवून घेणं, असं माझं ठाम मत आहे. आईचं मन आणि बाळाचं हित नेहमी एका दिशेला जात नाही, म्हणून बाळासाठी बोलणारं माणूस वेगळं हवं.

साडेचार, जिल्हाधिकारी कार्यालय. 1 सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. आदेश मान्य नसेल तर तीस दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील. संस्थेनं अर्ज केला की पुरतं, वकील सक्तीचा नाही. न्यायालयातली रांग टळली, हे चांगलंच झालं. पण मूल सहा-सात वर्षांचं असेल तर त्याची इच्छा वय आणि समज पाहून विचारात घ्यायची, हे कायद्यात लिहिलंय आणि ते घाईच्या सुनावणीत होत नाही. आज एका मुलीच्या दत्तकाच्या सुनावणीत मी विनंती केली, तिच्याशी दोन मिनिटं एकटीशी बोलावं. साहेबांनी सगळ्यांना बाहेर पाठवलं. ती काय बोलली ते मला माहीत नाही, माहीत असण्याची गरजही नाही. दार उघडलं तेव्हा ती नव्या आईच्या पर्सची चेन उघडमीट करत होती.

संध्याकाळी सात. उद्याचे अर्ज, समितीला द्यायची टिपणं. नावं कुठंही उघडी पडू नयेत म्हणून कागद कपाटात कुलूपबंद. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 प्रमाणे अशा मुलाची ओळख छापणं गुन्हा आहे, व्हॉट्सॲपवर फोटो फिरवणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं.

शेवटी एक विनंती. शेजारी, शाळेत, वीटभट्टीवर संकटात सापडलेलं मूल दिसलं तर 1098 ला कळवा. आणि त्या मुलाला वकील मोफत मिळतो, घरच्या उत्पन्नाची कोणतीही अट न लावता, हे त्याच्या माणसांना सांगा. 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 मध्ये ते स्पष्ट लिहिलं आहे. जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाकडे साध्या कागदावर अर्ज द्या किंवा 15100 वर फोन करा.