अंड्याचा बलक हिरवट का होतो?

कर्नाटकात सरकारी व अनुदानित शाळांतील बिसियूटाबरोबर आठवड्याचे सहाही दिवस अंडे देण्याची योजना २०२४ साली अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने सुरू झाली. अंडे न खाणाऱ्यांसाठी केळे किंवा चिक्कीची सोय ठेवण्यात आली. अशा उकडलेल्या अंड्याचा बलक कधी कधी कडेने हिरवट-करडा दिसतो. "अंडे बिघडले" असे समजून तो टाकून देऊ नका. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात आणि त्यातली जवळजवळ निम्मी बलकात असतात.

हा रंग येतो कुठून? पांढऱ्या भागात गंधक असते, तर बलकात लोह असते. अंडे फार वेळ उकळले की पांढऱ्या भागातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. बलकाच्या कडेला त्याचा लोहाशी संयोग होऊन आयर्न सल्फाइड तयार होते. हेच ते हिरवट कडे. ते अपायकारक नाही.

हे टाळण्यासाठी भांड्यात अंड्यांचा एकच थर ठेवावा व वर दोन बोटे पाणी घ्यावे. उकळी आली की आच मंद करून ८ ते ९ मिनिटे ठेवावे. आपले धारवाड समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने इथे पाणी ९७-९८ अंशांनाच उकळते. म्हणून कारवारपेक्षा किंचित जास्त वेळ लागतो, पण वीस मिनिटांची गरज मुळीच नाही.

गॅस बंद केल्यावर गरम पाणी लगेच ओतून टाकावे आणि अंडी स्वच्छ गार पाण्यात घालावीत. पाणी कोमट झाले की बदलावे. शेकडो अंडी उकडताना नेमके हेच राहून जाते. मोठ्या पातेल्यातले पाणी तासभर गरम राहते आणि अंडी आतल्या आत शिजतच राहतात. त्यासाठी थोडी थोडी अंडी उकडणे बरे. अगदी ताज्या अंड्यांचे कवच चिकटून बसते. आठवडाभराची अंडी सहज सोलली जातात.

मात्र अंड्याला कुजका वास येत असेल, किंवा कच्चे अंडे पाण्यावर तरंगत असेल, तर ते टाकूनच द्यावे. उकडलेले अंडेही बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. तेव्हा मुलांनो, बलकाच्या रंगाला भिऊ नका, वासाकडे आणि वेळेकडे लक्ष द्या. घरी आईबाबांनाही हे जरूर सांगा.